आडनावातले शेत

माझ्या सासरचे आडनाव हे पश्चिम नॉर्वेतील एका शेताचे नाव आहे. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात स्थायिक झालेल्या या कुटुंबात नॉर्वेजियन भाषा दोन पिढ्यांपूर्वीच संपली आणि नाताळात लेफ्से ही पातळ पोळी व लुटेफिस्क हा सुक्या माशाचा पदार्थ तेवढे उरले. पण आपले पूर्वज त्या शेताचे मालक होते, ही समजूत मात्र कुटुंबमेळाव्यासाठी छापलेल्या वंशवृक्षाच्या अगदी माथ्यावर होती. माझे सासरे ७८ वर्षांचे आहेत. ते शेत एकदा डोळ्यांनी पाहायचे, असे ते अनेक वर्षे म्हणत होते, आणि अखेर या जूनमध्ये ते, माझा नवरा व मी असे तिघे निघालो.

पूर्वजांचे गाव शोधताना समुद्र ओलांडण्याआधी अमेरिकेतील कागद तपासून संपवावेत, असे या क्षेत्रातले जाणकार सांगतात, आणि ते खरे आहे. नागरिकत्वाच्या कागदांवर बहुधा ‘नॉर्वे’ एवढेच असते; अमेरिकेच्या १९०० च्या जनगणनेत आगमनाचे वर्ष मिळते, पण गाव मिळत नाही. आमची अडचण सोडवली ती मिनेसोटातील एका खेड्यातल्या ल्यूथरन चर्चच्या जुन्या नोंदवहीने. नॉर्वेतून आलेल्या पाद्र्यांना माणसाची नोंद त्याच्या मूळ धर्मक्षेत्रासह करण्याची सवय होती, आणि सासऱ्यांच्या पणजोबांच्या जन्मतारखेपुढे त्या पाद्र्याने ‘वॉस’ असे लिहून ठेवले होते. तेवढ्या धाग्यावरून नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘डिजिटालआर्किवे’ या विनामूल्य संकेतस्थळावर बर्गेन पोलिसांच्या देशांतर-नोंदवहीतील १८८२ ची नोंद सापडली. जहाजांची तिकिटे विकणाऱ्या दलालांनी गरिबांना फसवू नये म्हणून त्यांच्यावर पोलिसांची देखरेख असे, आणि त्या देखरेखीतूनच या वह्या तयार झाल्या. बर्गेनच्या वह्या १८७४ पासूनच्या आहेत. त्याआधी गेलेल्या माणसाचा माग काढणे बरेच अवघड जाते.

त्या नोंदीत पणजोबांचे नाव, वडिलांच्या नावाला ‘सेन’ जोडून झालेले दुसरे नाव, वय २३, आणि राहण्याचे ठिकाण म्हणून तेच शेत होते. सासऱ्यांना एवढे पुरेसे वाटले. मला मात्र जन्माच्या नोंदीत त्या शेताचे नाव सापडत नव्हते आणि त्यावरून शंका येऊ लागली होती, पण हातात ठोस काही नसताना ती बोलून दाखवणे मला प्रशस्त वाटले नाही.

रविवार, बर्गेन

दुपारी विमान उतरले तेव्हा पाऊस होता, आणि बर्गेनमध्ये त्याचे कोणाला अप्रूप नसते. संध्याकाळी ब्रिगेनची लाकडी गुदामे पाहिली. हान्सा या मध्ययुगीन जर्मन व्यापारी संघाच्या या वसाहतीची नोंद जागतिक वारशात १९७९ मध्ये झाली असून गर्दी त्या मानाने बरीच होती. सासरे मात्र गुदामांपेक्षा बंदराच्या पाण्याकडे अधिक पाहत होते.

सोमवार, बर्गेन

सकाळी राज्य अभिलेखागारात गेलो. बर्गेनची ही इमारत आर्स्टाड भागात आहे. चर्चच्या मूळ वह्या हातात मिळतील अशी सासऱ्यांची अपेक्षा होती. तेथील बाईंनी सौम्यपणे सांगितले की त्या साऱ्या वह्यांची छायाचित्रे संकेतस्थळावर आहेत आणि म्हणूनच मूळ प्रती कोणाला हाताळायला देत नाहीत. येथे यायचे ते मृत्यूनंतरच्या वाटणीची दप्तरे, जमिनीचे करार, न्यायालयाचे कागद असे पाहण्यासाठी, आणि त्यांसाठीही आधी घरबसल्या काय मिळते ते पाहून यावे. तरीही आमची खेप वाया गेली नाही, कारण त्यांनी आमच्या शेजारी बसून १८५९ च्या बाप्तिस्म्याचे पान वाचून दाखवले.

ही पाने गॉथिक वळणाच्या हस्ताक्षरात आहेत. आजोबांकडून मोडी वाचायला शिकल्यामुळे अक्षरापेक्षा लिहिणाऱ्याचा हात ओळखावा लागतो हे मला ठाऊक होते. एकदा त्या पाद्र्याचा ‘ह’ आणि ‘क’ कळला की पुढची दहा पाने सोपी जातात. नोंदीचे रकाने मात्र ठरलेले असतात: जन्म व बाप्तिस्मा यांची तारीख, आईवडील, त्यांचा व्यवसाय व वस्ती, आणि बाळाचे धर्मपालक. धर्मपालक बहुधा नात्यातले किंवा शेजारचे असल्यामुळे त्या चार-पाच नावांवरूनही पुढचा रस्ता सापडतो. पाद्र्याच्या वहीखेरीज चर्चच्या कारकुनाने दुसरी प्रत ठेवावी आणि दोन्ही प्रती एका छपराखाली असू नयेत, असा नियम एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आला, आणि आगीत एक वही गेली तरी दुसरी हाती लागते ती त्यामुळेच.

बाईंनी व्यवसायाच्या रकान्यावर बोट ठेवले. तेथे ‘गार्डमान’, म्हणजे शेताचा धनी, असे नव्हते. ‘हुसमान’ असे होते. वस्तीचे नावही वेगळेच होते. सासऱ्यांनी त्याचा अर्थ विचारला, तेव्हा बाई म्हणाल्या, “वॉसला जात आहात ना? तेथील वाचनालयात सगळे नीट कळेल.” वाईट बातमी दुसऱ्याने सांगावी, असे कदाचित त्यांना वाटले असावे.

दुपारी आम्ही धक्क्यावर हिंडलो. १८५० व १८६० च्या दशकांत नॉर्वेतून जाणारी बहुतेक माणसे शिडाच्या जहाजाने थेट क्वेबेकला जात. ब्रिटनने १८४९ मध्ये आपले नौकानयन कायदे रद्द केल्यावर नॉर्वेच्या जहाजांना कॅनडातून ब्रिटनला लाकूड वाहण्याची मुभा मिळाली, आणि जाताना रिकाम्या जाणाऱ्या जहाजांत माणसे भरणे मालकांना फायद्याचे ठरले. सासऱ्यांच्या पणजोबांच्या वेळेपर्यंत हे चित्र बदलले होते. १८८२ मध्ये वाफेच्या बोटीने बर्गेनहून इंग्लंडमधील हल, तेथून आगगाडीने लिव्हरपूल आणि पुढे अटलांटिक ओलांडणारी मोठी बोट, असा रुळलेला मार्ग होता. नॉर्वेतून १८२५ पासूनच्या शंभर वर्षांत सुमारे आठ लाख माणसे उत्तर अमेरिकेत गेली, आणि लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले तर युरोपात आयर्लंडखालोखाल नॉर्वेचाच क्रमांक लागतो. स्टाव्हांगरहून १८२५ च्या जुलैत निघालेल्या ‘रेस्टोराशिओन’ या लहानशा गलबतापासून या देशांतराचा आरंभ धरतात. ५२ माणसे चढली होती, आणि वाटेत एक मूल जन्मल्याने न्यूयॉर्कला ५३ उतरली.

मंगळवार, बर्गेन ते वॉस

बर्गेनहून वॉसला आगगाडीने सव्वा तास लागतो. एका बाजूला फ्योर्डचे, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या चिंचोळ्या खाडीचे पाणी, दुसऱ्या बाजूला कडा आणि मधूनमधून बोगदे, असा हा मार्ग १८८३ मध्ये खुला झाला. ऑस्लोपर्यंतचा संपूर्ण लोहमार्ग त्यानंतर २६ वर्षांनी, १९०९ मध्ये पुरा झाला. म्हणजे पणजोबांना ही गाडी एका वर्षाने चुकली. त्या काळची वाट एवांगरवरून बोल्स्टाडओयरीपर्यंत उतरायची आणि पुढे होडीने फ्योर्डमधून जायचे, अशी होती. गाडी एवांगरला आली तेव्हा नवऱ्याने वडिलांना सांगितले की मिनेसोटाचे गव्हर्नर आणि पुढे अमेरिकेच्या सिनेटचे सभासद झालेले क्नूट नेल्सन याच परिसरात १८४३ मध्ये जन्मले आणि सहा वर्षांचे असताना आईबरोबर शिकागोला गेले. त्यांची आई अविवाहित होती, आणि त्यांच्या वडिलांविषयी अभ्यासकांत आजही एकमत नाही. सासरे हसून म्हणाले, “मग आपले थोडे इकडेतिकडे निघाले तरी चालेल.”

वॉसच्या मध्यभागी वांग्सशिर्क्या हे दगडी चर्च आहे. ते १२७७ चे असून १९४० च्या एप्रिलमधील जर्मन बॉम्बहल्ल्यात आजूबाजूचे लाकडी गाव जळाले तरी चर्च वाचले. पणजोबांचा बाप्तिस्मा आणि किशोरवयातली धर्मदीक्षा दोन्ही येथेच झाली, इतके मात्र निर्विवाद होते.

सासरे तडक दफनभूमीत गेले. अमेरिकेतून येणारे बहुतेक लोक हेच करतात आणि बहुतेकांची निराशा होते, कारण नॉर्वेत दफनाची जागा कायमची नसते. किमान २० वर्षे ती राखली जाते, आणि पुढे कुटुंबाने शुल्क भरले नाही तर तीच जागा दुसऱ्यासाठी वापरतात. एकोणिसाव्या शतकातल्या हुसमानाच्या नावाचा दगड मुळात असण्याचाच संभव कमी, आणि असलाच तरी तो टिकण्याचा त्याहून कमी. सासऱ्यांना तेथे आपले आडनाव कोरलेले काही दगड सापडले, पण ते सारे गेल्या पन्नास-साठ वर्षांतले होते. त्यांनी प्रत्येकाचे छायाचित्र घेतले. मी काही बोलले नाही.

बुधवार, वॉस

हा दिवस वाचनालयात गेला, आणि माझ्या मते साऱ्या प्रवासात हाच महत्त्वाचा होता.

नॉर्वेच्या अनेक खोऱ्यांचे ‘बिग्देबोक’ नावाचे जाडजूड ग्रंथ आहेत. आपल्याकडचा कुलवृत्तांत कुळाप्रमाणे चालतो. बिग्देबोक शेताप्रमाणे चालतो. प्रत्येक शेताचा एक क्रमांक असतो, त्याखाली त्याचे पोटविभाग आणि त्यांवर एकामागून एक राहिलेली कुटुंबे मुलाबाळांसह दिलेली असतात. मालकांना पाने मिळतात. त्या शेताच्या हद्दीत राबणाऱ्या हुसमानांची नोंद त्या भागाच्या शेवटी काही ओळींत उरकलेली असते, आणि ज्यांचे पूर्वज अमेरिकेला गेले त्यांपैकी पुष्कळांना आपली माणसे याच ओळींत शोधावी लागतात. आम्हालाही तेथेच सापडली, आणि ती आडनावातल्या शेताखाली नव्हती, तर त्या शेताच्या वरच्या अंगाला असलेल्या दुसऱ्याच शेताच्या शेवटच्या ओळींत होती.

हुसमान म्हणजे ज्याला शेतमालकाने झोपडीपुरती व थोड्याशा पेरणीपुरती जागा दिलेली असे आणि जो त्या बदल्यात ठरलेले दिवस मालकाच्या शेतावर राबत असे, असा माणूस. कराराची लेखी नोंद व्हावी असा कायदा १८५१ मध्ये झाला. त्या सुमारास हुसमानांची संख्या सर्वांत मोठी होती. नंतर ती घटत गेली, आणि त्याचे एक मोठे कारण अमेरिका हे होते. शेतावर हक्क थोरल्या मुलाचा असल्यामुळे मालकांचे धाकटे मुलगेही जात, पण हुसमानाच्या मुलाला मागे ठेवण्यासारखे फारसे काही नसे.

मग आम्ही जनगणना उघडल्या. ३१ डिसेंबर १८६५ च्या गणनेत गुरेढोरे आणि पेरणीही मोजली आहे. पणजोबा तेव्हा सहा वर्षांचे, घरात माणसे सहा, एक गाय, पाच मेंढ्या आणि थोडे ओट व बटाटे यांची पेरणी. एवढा त्या कुटुंबाचा संसार. पुढची नोंद १८७४ च्या धर्मदीक्षेची. देवीची लस घेतल्याची तारीख तीत आहे, कारण लशीच्या दाखल्याशिवाय धर्मदीक्षा मिळत नसे, आणि ख्रिस्ती धर्माच्या ज्ञानाबद्दल पाद्र्याचा शेराही आहे: ‘मध्यम’. नवरा यावर मोठ्याने हसला आणि ग्रंथपालाने आमच्याकडे पाहिले. १८७५ च्या गणनेत हाच मुलगा, आता १६ वर्षांचा, आडनावातल्या शेतावर आहे. कुटुंबातील स्थान या रकान्यात ‘चाकर’ असे लिहिले आहे.

सासरे बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले. नंतर म्हणाले, “म्हणजे हे आडनाव त्यांच्या मालकाचे?”

मालकाचे नव्हते आणि त्यांचेही नव्हते, हे समजावून सांगायला मला आपल्याकडची नावे उपयोगी पडली. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि पुढे ठिकाण, ही वॉसची रीत मराठी माणसाला परकी नाही. पण चिपळूण सोडून पुण्यात पाच पिढ्या काढलेला चिपळूणकर हा चिपळूणकरच राहतो, आणि वॉसमध्ये माणसाने शेत बदलले की नावाचा तिसरा भागही बदले, कारण तो त्याचा तेव्हाचा पत्ता असे. ज्या शेतावर राहतो त्याचे नाव मालकाने लावावे तसेच चाकरानेही. नॉर्वेत कायमचे आडनाव घेणे कायद्याने बंधनकारक झाले ते १९२३ मध्ये. त्याआधी निघालेल्या माणसाला मात्र अमेरिकेत उतरल्यावर नावाचा एक तुकडा कायमचा धरावा लागे, आणि वडिलांचे नाव धरले तर एकाच गावात त्याच नावाचे दहाजण निघत, म्हणून पुष्कळांनी शेताचे नाव घेतले. पणजोबांनी निघतानाचा पत्ता घेतला. यात लबाडी काही नाही. लबाडी असेलच तर ती पुढच्या पिढ्यांनी त्या नावापुढे ‘मालक’ हा शब्द जोडण्यात आहे.

“त्यांनी जन्माच्या जागेचे नाव का घेतले नसेल?” सासऱ्यांनी विचारले. नवरा म्हणाला, “डॅड, ती जागा सोडायलाच तर ते निघाले होते.” मला हे उत्तर थोडे चटकदार वाटले, पण त्याहून चांगले मलाही सुचले नाही.

गुरुवार, वॉस

सकाळी मोल्स्टरचे जुने अंगण पाहिले. येथे १६ लाकडी घरे एकमेकांना खेटून उभी आहेत, त्यांत दोन शेतकरी कुटुंबे १९२७ पर्यंत राहत होती, आणि आता ते वॉसचे लोकसंग्रहालय आहे. पूर्वी पश्चिम नॉर्वेत अशीच समाईक अंगणे असत. एकाच्या शेताची पट्टी दुसऱ्याच्या दोन पट्ट्यांमध्ये, असा सारा गुंता असे. एकोणिसाव्या शतकातील जमीन-एकत्रीकरणाने प्रत्येकाचे क्षेत्र सलग झाले आणि घरे उचलून दूरदूर नेली गेली. त्यामुळे नकाशावर शेताचे नाव सापडले तरी तेथे आज उभे असलेले घर पूर्वजांच्या काळी त्याच जागी होते, असे समजू नये. सासऱ्यांच्या दिवाणखान्यात ज्या पांढऱ्या घराचे छायाचित्र चौकटीत आहे, ते विसाव्या शतकातले निघाले.

दुपारी आम्ही त्या पांढऱ्या घरीच गेलो. आधी पत्राने विचारले होते, आणि तसे विचारल्याशिवाय कोणाच्या अंगणात जाऊ नये. शेताचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण तेथे माणसे राहतात. घरच्या बाईंनी कॉफी, वाफल्स आणि तपकिरी चीज पुढे ठेवले. जवळजवळ दर उन्हाळ्यात अमेरिकेतून कोणीतरी हे आडनाव घेऊन येते, आणि त्यांपैकी थोडेच नात्यातले निघतात, असे त्या हसत म्हणाल्या. सासऱ्यांनी स्वतःहून सांगितले, “आम्हीही नात्यातले नाही. माझे पणजोबा तुमच्याकडे चाकरीला होते.” वाचनालयात गप्प झालेल्या माणसाने हे इतक्या सहज सांगावे, याचे मला बरे वाटले. बाईंनी लगेच एक जुना नकाशा काढला आणि शेजारच्या शेतातल्या त्या हुसमानाच्या जागेवर बोट ठेवले. उन्हाळी कुरणाकडे जाणाऱ्या वाटेवर ती आहे आणि त्यांचा मुलगा तेथपर्यंत सोबत येईल, असेही सांगितले.

चढ तासाभराचा होता, आणि सासऱ्यांसाठी आम्ही तो दुप्पट वेळात केला. उतारावर स्प्रूसची लावलेली दाट झाडी आहे, आणि तिच्या आत एका सपाटीवर खाजकुयलीसारखी अंगाला झोंबणारी नेटल नावाची झुडपे माजली आहेत. तो मुलगा म्हणाला की ती झुडपे म्हणजेच घराची खूण. जेथे माणसे व गुरे पिढ्यान्‌पिढ्या राहिली तेथील कसदार मातीत ती वाढतात. झुडपे काठीने बाजूला केल्यावर जोत्याचे दगड दिसले. नवऱ्याने पावलांनी मोजले: लांबी सुमारे पाच मीटर, रुंदी चारपेक्षा थोडी अधिक. मग गोठा कोठे असेल यावर नवरा, सासरे आणि तो मुलगा यांचा बराच वाद झाला. सासऱ्यांचे मत होते की गोठा उताराच्या खालच्या अंगालाच असणार, नाहीतर शेण घरात वाहून येईल. ते दुग्धव्यवसाय केलेल्या घरातले असल्यामुळे अखेर त्यांचेच म्हणणे मान्य झाले. खाली दरीत ते पांढरे घर लख्ख दिसत होते, आणि सहा वर्षांच्या मुलालाही ते, किंवा त्याच्या आधीचे घर, रोज असेच दिसत असणार.

शुक्रवार, वॉस ते बर्गेन

परतीच्या गाडीत सासऱ्यांनी आपल्या बहिणीला फोन लावला. वंशवृक्ष छापण्याचे काम वर्षानुवर्षे तिच्याकडे आहे. पाहिलेले सारे त्यांनी क्रमाने सांगितले, आणि पलीकडून बराच वेळ एकच मुद्दा ऐकू येत राहिला, की ज्या कपांवर आणि शर्टांवर ते शेत छापले आहे त्यांचे आता काय करायचे. सासरे म्हणाले, “नाव तेच राहू दे, फक्त ‘मालक’ काढ.” ते तिने मान्य केले की नाही, हे बोगदा आल्यामुळे कळले नाही.

मी तोवर पणजोबांच्या धाकट्या बहिणीचा माग घेत होते. १८६५ च्या गणनेत ती तीन वर्षांची होती, आणि देशांतराच्या वह्यांत तिचे नाव कोठेच नव्हते. नॉर्वेच्या १९१० च्या जनगणनेत प्रत्येकाची पूर्ण जन्मतारीख दिलेली आहे, त्यामुळे बाप्तिस्म्याच्या नोंदीशी ती पडताळता येते. बर्गेनमध्ये कपडे धुण्याचे काम करणारी, वॉसला जन्मलेली एक विधवा त्या तारखेशी नेमकी जुळली. घरात दोन मुलगे आणि एक मुलगी. म्हणजे सासऱ्यांची रक्ताची माणसे असलीच तर ती वॉसच्या त्या उतारावर नसून बर्गेनमध्ये असणार, आणि रविवारी आपण कदाचित त्यांच्याच घरावरून चालत गेलो असू, असे सासरे म्हणाले. १९२० च्या गणनेत थोरला मुलगा गोदीत कामाला आहे आणि त्याला स्वतःची तीन मुले आहेत. पुढची गणना १९३० ची. जनगणनेची माहिती नॉर्वेत शंभर वर्षे बंद ठेवली जाते, म्हणून ती १ डिसेंबर २०३० रोजी खुली होईल.

सासऱ्यांनी बोटांवर हिशेब केला. “तेव्हा मी ८२ वर्षांचा असेन,” ते म्हणाले, “पण डिसेंबरात इकडे फार पाऊस असेल. आपण २०३१ च्या जूनमध्ये येऊ.”